बर्फाला भोक पाडणाऱ्या पाण्याची कुळकथा

1842च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या उंटरआर हिमनदीवर लुई अगासिझ हा निसर्गशास्त्रज्ञ लोखंडी गजांनी बर्फाला भोक पाडत होता. माशांच्या जीवाश्मांवर ज्यानं नाव कमावलं, त्याला हिमनद्यांनी असं काही झपाटलं की तिथल्याच एका प्रचंड खडकाच्या आडोशाला त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी बिऱ्हाड थाटलं होतं. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या: बर्फाच्या आतलं तापमान आणि बर्फाची जाडी. आदल्या वर्षी तर तो स्वतःच दोराला बांधून घेऊन हिमनदीतल्या एका विवरात उतरला होता आणि पाय गोठत्या पाण्यात बुडाल्यावर त्याला वर ओढून घ्यावं लागलं होतं. गजांची मजल साठेक मीटरवर जाऊन थांबली. तळ लागला नाही.

बर्फ छेदण्याच्या विद्येचं कूळ शोधत मागं गेलं की वाट अगासिझपाशी येऊन थांबते. आज अंटार्क्टिकात तीन-चार किलोमीटर बर्फाखाली दडलेल्या सरोवरांपर्यंत पोचण्याचे प्रयत्न चालतात. त्या प्रयत्नांना छळणारे प्रश्न त्या साठ मीटरांतही होते. निघालेला बर्फाचा भुगा वर कसा आणायचा? पाडलेलं भोक उघडं कसं ठेवायचं? आणि खाली पाणी लागलं तर काय करायचं?

पहिल्या प्रश्नाचं चांगलं उत्तर निघायला अर्धं शतक गेलं. अडॉल्फ ब्ल्यूम्के आणि हान्स हेस या दोघांनी ऑस्ट्रियातल्या हिंटरआइसफर्नर हिमनदीवर हातानं फिरवायचं गिरमिट चालवलं. त्याच्या दांड्या पोकळ होत्या. त्यांतून पाणी दाबून सोडलं की भुगा त्या पाण्यासोबत तरंगत वर येई. 1899मध्ये त्यांचं गिरमिट हिमनदीच्या तळाच्या खडकाला टेकलं. माणसानं वरून भोक पाडून हिमनदीचा तळ गाठण्याची ती पहिली वेळ. तिथं पाण्याचं काम भुगा वाहून आणण्यापुरतं होतं, कापायचं काम लोखंडाचं. पण पाणी या विद्येत शिरलं ते तेव्हापासून.

बर्फाच्या पोटात पाणी साठू शकतं, हे त्याआधीच एका रात्री फ्रान्सला फार क्रूरपणे कळलं होतं. 12 जुलै 1892च्या पहाटेपूर्वी माँ ब्लाँच्या अंगावरच्या तेत रूस या लहानशा हिमनदीच्या आत साठलेलं पाणी बर्फ फोडून बाहेर पडलं. वाटेतली माती-दगड घेत तो लोंढा सेंट जर्व्हेच्या स्नानगृहांवर कोसळला. सुमारे 175 माणसं मेली. वरून ती हिमनदी इतर हिमनद्यांसारखीच दिसत होती. पुढं तिथं बोगदा खणून पाण्याला वाट करून दिली गेली. 2010मध्ये त्याच हिमनदीत पुन्हा पाणी साठल्याचं आढळलं, तेव्हा मात्र आधीच बर्फात भोकं पाडून पाणी उपसून काढता आलं. या विद्येनं माणसांचे जीव वाचवले असं म्हणायचं, तर पहिलं उदाहरण म्हणून मी हेच देईन.

आता उष्णतेच्या शाखेकडं वळू. बर्फ कापण्याऐवजी वितळवावा हा विचार तसा कुणालाही सुचेल. विजेनं तापणारी टोकं वापरून आल्प्समध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच प्रयोग झाले. 1955मध्ये फ्रान्सच्या वीज कंपनीनं मेर द ग्लास हिमनदीवर गरम पाण्याचं ड्रिल आणलं. लवचीक नळीच्या टोकाला तोटी आणि तोटीतून गरम पाण्याचा झोत, अशी ती रचना होती. तिनं सुमारे 200 मीटर खोली गाठली. बर्फ वितळवायचा, ते पाणी तापवायचं, पंपानं दाबून नळीतून खाली सोडायचं, झोत पुढचा बर्फ वितळवतो आणि नळी आपल्या भारानं खाली जाते. फिरणारा एकही भाग नाही, आणि भुग्याचा प्रश्नच मिटला, कारण भुगा होतच नाही.

ऐकायला हे फार सोपं वाटतं, पण सगळं कसब नळी सोडण्याच्या वेगात आहे. तोटीच्या वरची जड नळी ओळंब्यासारखी टांगलेली राहिली तर भोक सरळ उतरतं. घाई करून नळी जास्त सोडली की तोटी बर्फावर टेकते, कलते आणि भोक वाकडं होतं. हळू सोडली तर इंधन वाया जातं. शिवाय किलोमीटरभर थंड बर्फातून जाताना नळीतलं पाणी आपली उष्णता वाटेतच गमावत असतं. वर 90 अंशांवर निघालेलं पाणी तोटीशी पोचेपर्यंत किती उरलं, यावर सगळा हिशेब चालतो.

गरम पाण्याचं हे ड्रिल निघालं तेव्हा अंटार्क्टिकाखाली सरोवरं आहेत याची कुणाला खात्री नव्हती. शंका मात्र होती. 1960च्या सुमारास इगोर झोतिकोव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञानं उष्णतेचा हिशेब मांडला: जमिनीच्या पोटातून सतत थोडी उष्णता वर येत असते, आणि चार किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली ती कोंडली जाते. वरच्या बर्फाच्या भारानं वितळणबिंदूही शून्याच्या दोन-तीन अंश खाली उतरतो. म्हणजे पृष्ठभागावर उणे 50 असलं तरी तळाचा बर्फ वितळायला हवा. आंद्रेई कापित्सा यांनी 1959 आणि 1964मध्ये वोस्तोक तळाजवळ सुरुंग उडवून भूकंपलहरींच्या नोंदी घेतल्या होत्या. त्या नोंदींत सरोवराची खूण होती, पण ती तेव्हा कुणाला वाचता आली नाही.

वाचता आली ती रेडिओलहरींमुळं. केंब्रिजच्या गॉर्डन रॉबिन यांच्या चमूनं विमानातून बर्फावर रेडिओलहरी सोडल्या. खडकावरून येणारा प्रतिध्वनी खडबडीत असतो, पाण्यावरून येणारा सपाट आणि ठळक. 1970च्या सुमारास अशा सपाट जागा सापडायला लागल्या, आणि 1973पर्यंत सतरा सरोवरांची यादी तयार झाली. पुढं उपग्रहानं वोस्तोकच्या परिसरातला बर्फाचा पृष्ठभाग मोजला तेव्हा शेकडो किलोमीटर पसरलेला एक विलक्षण सपाट पट्टा दिसला. 1996मध्ये कापित्सा, रिडली, रॉबिन, सीगर्ट आणि झोतिकोव्ह यांनी मिळून ‘नेचर’मध्ये तो जाहीर केला. सुमारे 250 किलोमीटर लांब आणि 50 किलोमीटर रुंद सरोवर, डोक्यावर पावणेचार किलोमीटर बर्फ. सोव्हिएत आणि ब्रिटिश नोंदी एका लेखात एकत्र आल्याशिवाय हे सरोवर दिसणारच नव्हतं. शीतयुद्धाच्या दोन बाजूंना बसून काम केलेल्या माणसांची नावं अशी एका ओळीत वाचताना मला आजही बरं वाटतं.

दरम्यान लोखंडाची शाखा बरीच पुढं गेली होती. अमेरिकन सैन्याच्या शीतप्रदेश प्रयोगशाळेनं 1966मध्ये ग्रीनलंडमधल्या कँप सेंच्युरीला 1387 मीटर खाली तळ गाठला. 1968मध्ये तोच चमू अंटार्क्टिकातल्या बर्ड तळावर 2164 मीटरपर्यंत पोचला, आणि तिथं खालून पाणी भोकात चढलं. झोतिकोव्ह यांच्या हिशेबाला मिळालेली ती पहिली प्रत्यक्ष साक्ष होती. पुढच्या हंगामात तळाखालची माती आणायला गेलेलं ड्रिल खालीच अडकलं.

ड्रिल का अडकतं, हे समजून घेतल्याशिवाय या कुळकथेचा गाभा हाती लागत नाही. आपल्याकडं काळ्या पाषाणात बोअर मारतात तेव्हा वरच्या मुरमापुरता केसिंग पाइप घातला की खाली खडक आपला आपण उभा राहतो, बोअर वर्षानुवर्षं उघडी राहते. बर्फ असा उभा राहत नाही. तो घन दिसतो खरा, पण स्वतःच्या भारानं वाहतो. किलोमीटरभर खोलीवर त्यावर सुमारे 90 वातावरणांचा दाब असतो. एवढ्या दाबाखाली रिकामं भोक चहूबाजूंनी आकसत जातं आणि खोल जाल तसं लवकर मिटतं. म्हणून भोकात असा द्रव भरून ठेवावा लागतो, ज्याची घनता बर्फाच्या जवळपास असेल आणि जो उणे 50लाही गोठणार नाही. रॉकेल गोठत नाही, पण बर्फापेक्षा हलकं असतं. म्हणून त्यात फ्रिऑनसारखं जड रसायन मिसळायचं. बर्फाचे उभे गाभे काढणाऱ्या खोल ड्रिलिंगमध्ये अनेक ठिकाणी हा उपाय रूढ झाला. तळाजवळ आणखी एक संकट येतं. तिथला बर्फ वितळणबिंदूच्या काठावर असतो, त्यामुळं पात्यानं निघणारा भुगा ओला होतो, चिकटतो, पुन्हा गोठतो आणि ड्रिलला आवळून धरतो. ग्रीनलंडमधल्या नॉर्थग्रिप प्रकल्पातही शेवटच्या मीटरांनी असंच छळलं. 2003मध्ये तिथं 3085 मीटरवर तळ लागला तेव्हा खालचं पाणी भोकात चढलंच.

या दोन्ही संकटांचं सगळ्यात मोठं प्रकरण म्हणजे वोस्तोक. समुद्रसपाटीपासून जवळजवळ साडेतीन हजार मीटर उंचीवरचा हा रशियन तळ 1957मध्ये सुरू झाला. 21 जुलै 1983ला तिथं उणे 89.2 अंश तापमान नोंदलं गेलं. इंधन आणि सामान किनाऱ्यावरच्या मिर्नी तळावरून चौदाशे किलोमीटर ट्रॅक्टरांनी ओढत आणायचं. लेनिनग्राडच्या खाणसंस्थेच्या अभियंत्यांनी 1970मध्ये तिथं ड्रिलिंग सुरू केलं ते हवामानाचा इतिहास काढण्यासाठी. आपण कशाच्या डोक्यावर बसलो आहोत, हे तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. वोस्तोकच्या रॉकेलबद्दल बोलताना ही गोष्ट नेहमी आधी सांगायला हवी, कारण पुढं जगानं त्यांच्यावर बरीच टीका केली आणि त्या टीकेत हे कालमान विसरलं गेलं.

1990मध्ये त्यांनी पाचव्या क्रमांकाच्या विहिरीत नवं भोक सुरू केलं. 1998च्या जानेवारीत ते 3623 मीटरवर पोचलं. त्या गाभ्यातून गेल्या 4 लाख 20 हजार वर्षांचं हवामान वाचता आलं. आज कार्बन डायऑक्साइडच्या इतिहासाबद्दल आपण जे बोलतो, त्याचा मोठा भाग याच गाभ्यातून आलेला आहे. आणि 3539 मीटरच्या खाली बर्फाची जात एकदम बदलली. स्फटिक मोठे, हवेचे बुडबुडे नाहीत. हा वरून पडलेला हिम नव्हताच. सरोवराचं पाणी खालून गोठून बर्फाच्या बुडाला चिकटलेलं होतं. सरोवराच्या वर, तेव्हाच्या अंदाजानं सुमारे 120 मीटरवर, ड्रिल थांबवण्यात आलं.

थांबवण्याचं कारण भोकातच होतं. त्यात सुमारे 60 टन रॉकेल आणि फ्रिऑनचं मिश्रण उभं होतं, आणि खाली लाखो वर्षं उजेडाला न आलेलं पाणी. ते मिश्रण सरोवरात उतरलं तर सरोवर नासेल, आणि त्यात जीव सापडलाच तर तो तिथला की वरून गेलेला, हे कुणाला सांगता येणार नाही. अंटार्क्टिक करारातल्या देशांत या प्रश्नावर वर्षानुवर्षं वाद झाला. रशियनांचं उत्तर असं होतं: भोकातल्या द्रवाचा दाब सरोवराच्या दाबापेक्षा जरा कमी ठेवायचा. म्हणजे भोक पडताक्षणी रॉकेल खाली जाणार नाही, उलट सरोवराचं पाणी वर चढेल, भोकात गोठेल आणि पुढच्या वर्षी त्याच गोठलेल्या पाण्याचा गाभा कापून वर आणता येईल. मला हे उत्तर अभियांत्रिकी म्हणून सुंदर वाटतं.

काम पुन्हा सुरू झाल्यावर 2007मध्ये ड्रिल खालीच अडकलं. शेवटी त्या जागेला वळसा घालून जुन्या भोकातून नवं भोक फोडावं लागलं. 5 फेब्रुवारी 2012ला 3769.3 मीटरवर ड्रिल सरोवराला लागलं. पाणी ठरल्याप्रमाणं वर चढलं, पण अपेक्षेपेक्षा खूप जास्त. रॉकेलशी मिसळतच ते चढलं. पुढच्या हंगामात कापून आणलेल्या त्या बर्फात ड्रिलचा द्रव होता. एका अनोळखी जिवाणूची बातमी आली आणि लगेच दूषित नमुन्याची शंकाही आली, आणि ती शंका निरस्त करता आली नाही. 2015च्या जानेवारीत त्यांनी दुसऱ्यांदा सरोवर गाठलं. चार दशकं उणे 50-60 अंशांत उभं राहून केलेल्या कामाबद्दल मला अपार आदर आहे. पण जिवंत पाण्याचा नमुना काढण्यासाठी हा रस्ता चुकीचा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. हवामानासाठी खणलेल्या विहिरीतून जीवशास्त्राचं पाणी भरता येत नाही.

मग उष्णतेची शाखा. तिचा मोठा हप्ता अंटार्क्टिकात 1977मध्ये सुरू होतो. रॉस हिमपट्टीवर जे-9 नावाच्या ठिकाणी, तरंगत्या बर्फाखालच्या समुद्रात काय आहे हे बघायचं होतं. आधी पात्याचं ड्रिल घालून पाहिलं, ते अडकलं. तेव्हा जेम्स ब्राउनिंग या अमेरिकन अभियंत्यानं खडक फोडायला वापरतात ती ज्वालेची तोटी आणली. इंधन आणि दाबलेली हवा खाली सोडून पेटवायची आणि त्या ज्वालेनं बर्फ वितळवत जायचं. 420 मीटर बर्फ तिनं भराभर फोडला. खाली सोडलेल्या कॅमेऱ्यात कोळंबीच्या जातकुळीतले जीव आणि मासाही दिसला. पण ज्वाला म्हटली की काजळी आली. पुढच्याच हंगामात ब्राउनिंगनं ज्वाला वरच ठेवली आणि खाली फक्त तिनं तापवलेलं पाणी पाठवलं. मला हा या कुळातला निर्णायक क्षण वाटतो. इथून पुढं भोकात जाणारी एकमेव वस्तू म्हणजे त्याच बर्फाचं वितळलेलं पाणी. ते निर्जंतुक करता येतं, आणि खाली मिसळलं तरी रॉकेलसारखं सरोवर नासवत नाही.

या तंत्राला खरी ताकद आली दक्षिण ध्रुवावर, आणि तीही सरोवरांसाठी नव्हे. आइसक्यूब ही न्यूट्रिनो पकडणारी वेधशाळा उभारताना बर्फात अडीच किलोमीटर खोल 86 भोकं पाडायची होती, प्रत्येकात संवेदकांची माळ सोडायची होती. त्यासाठी जवळपास 5 मेगावॉट उष्णतेचं गरम पाण्याचं ड्रिल तयार झालं. डिसेंबर 2010मध्ये शेवटचं भोक पुरं झालं. एका भोकाला दोन दिवसांहून कमी वेळ लागू लागला होता. एवढी खोली गरम पाण्यानं गाठता येते का, ही शंका तिथं संपली.

आइसलंडमधल्या माणसांनी मात्र त्याआधीच कमी बर्फाखाली हे करून दाखवलं होतं. वात्नायोकुट्ल या हिमस्तराखाली ज्वालामुखीच्या उष्णतेनं तयार झालेली ग्रिम्सव्होत्नसारखी सरोवरं आहेत. 2002मध्ये तिथं सुमारे 300 मीटर बर्फातून गरम पाण्यानं उतरून नमुने आणले गेले आणि त्यांत जिवाणू सापडले. अंटार्क्टिकाच्या गाजावाजात हे काम मागं पडतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता एल्सवर्थ. पश्चिम अंटार्क्टिकातलं हे सरोवर 14 किलोमीटर लांब, डोक्यावर तीन किलोमीटरांहून जास्त बर्फ. मार्टिन सीगर्ट यांच्या नेतृत्वाखालच्या ब्रिटिश चमूनं अनेक वर्षं तयारी केली. 90 अंशांचं पाणी, ते सूक्ष्म गाळण्यांतून आणि अतिनील किरणांखालून जाणार. नमुने भरणारं टायटॅनियमचं उपकरण इंग्लंडमध्येच निर्जंतुक करून सीलबंद आलेलं, त्याला 24 बाटल्या. भोकाचा व्यास 36 सेंटीमीटर. हिशेब केला तर असं एक भोक म्हणजे जवळजवळ 300 टन बर्फ वितळवायचा. तेही सुमारे चार दिवस अखंड, कारण थांबलं की गोठलं. तळ लागल्यावर नमुने घ्यायला मिळणार फक्त एक दिवस, त्यानंतर भोक पुन्हा मिटू लागणार.

इथं गरम पाण्याची स्वतःची अडचण समोर येते. पाणी बर्फापेक्षा जड असतं. भोक सरोवराला जोडलं गेलं की त्यातलं पाणी सरोवराच्या दाबाशी तोल साधतं, आणि त्या तोलात पाण्याची पातळी बर्फाच्या पृष्ठभागाच्या सुमारे 270 मीटर खाली स्थिरावते. भोक फुटण्याआधीच पातळी तिथवर उतरवून ठेवायला हवी, नाहीतर वरचं सगळं पाणी सरोवरात ढकललं जाईल. शिवाय वापरलेलं पाणी वर आणून पुन्हा तापवायचं असतं, नाहीतर सतत नवा बर्फ वितळवत बसावं लागतं आणि तेवढं इंधन कुणापाशीच नसतं. म्हणून 300 मीटरवर शेजारच्या भोकातून एक पोकळी वितळवायची, तिथं पंप ठेवायचा आणि मुख्य भोक त्या पोकळीला जोडून घ्यायचं, अशी योजना होती.

डिसेंबर 2012मध्ये आधी बॉयलरचा एक विद्युत भाग बिघडला, बदली भाग ब्रिटनहून आणावा लागला. मग पुन्हा सुरुवात झाली. नाताळच्या आदल्या दिवशी मुख्य भोक 300 मीटरवर पोचलं आणि पोकळीला लागलंच नाही. वीस तासांहून जास्त त्यांनी प्रयत्न केला. खोल अंधारात दोन भोकांमध्ये थोडासा बर्फ आडवा होता, कुठल्या बाजूला आहे हे दिसायची सोय नव्हती. गरम पाणी वरच्या भुसभुशीत हिमात मुरून जात होतं आणि इंधन संपत होतं. उरलेल्या इंधनात तळ गाठता येणार नाही असा हिशेब झाला आणि 25 डिसेंबरला सीगर्ट यांनी काम थांबवलं. सरोवराला कुणी हात लावला नव्हता. पुढं या चमूनं काय चुकलं याचा सविस्तर वृत्तांत शोधपत्रिकांत छापला. ज्यांना हे तंत्र शिकायचं आहे त्यांना यशस्वी मोहिमांपेक्षा त्या वृत्तांतातून जास्त शिकायला मिळतं, असं मी मानतो.

महिनाभरातच, 2013च्या जानेवारीच्या अखेरीस, अमेरिकन चमू व्हिलन्स सरोवरात उतरला. हे सरोवर हेलन फ्रिकर यांना उपग्रहाच्या नोंदींत सापडलं होतं. तिथला बर्फाचा पृष्ठभाग वर-खाली होत होता, म्हणजे खालचं पाणी भरत आणि रिकामं होत होतं. बर्फाची जाडी 800 मीटर, सरोवर दोनेक मीटर खोल. नेब्रास्का विद्यापीठानं बांधलेलं ड्रिल, बॉयलर, गाळण्या आणि प्रयोगशाळा हे सगळं घसरगाड्यांवर चढवून ट्रॅक्टरांनी मॅकमर्डो तळावरून हजारभर किलोमीटर ओढत नेलं होतं. नळीवर आणि तारांवर हायड्रोजन पेरॉक्साइड फवारलं जाई. ड्रिलच्या पाण्यातले जंतू वेळोवेळी मोजले जात, म्हणजे सरोवरातले वेगळे ओळखता यावेत. आणि एका मिलिलिटर पाण्यात सुमारे 1 लाख 30 हजार पेशी सापडल्या, हजारो प्रकारांच्या. सूर्याशिवाय, खडकातल्या रसायनांवर जगणारी जीवसृष्टी. 2014मध्ये हे ‘नेचर’मध्ये आलं, आणि नमुना दूषित असल्याची शंका घ्यायला फारशी जागा उरली नाही. वोस्तोक आणि व्हिलन्समधला फरक एवढाच, पण तो सगळं ठरवणारा आहे.

26 डिसेंबर 2018ला याच परंपरेतल्या चमूनं मर्सर सरोवर गाठलं. सुमारे 1085 मीटर बर्फाखाली 15 मीटर पाणी. पुन्हापुन्हा गरम पाणी सोडून त्यांनी भोक उघडं ठेवलं आणि गाळाचा गाभा काढला. गाळात कवचधारी सूक्ष्मजीवांची कलेवरं मिळाली. गाळातल्या कार्बनवरून पुढं असं दिसलं की सुमारे 6000 वर्षांपूर्वी समुद्र तिथवर पोचलेला होता. बर्फ तेव्हा मागं हटला होता आणि पुन्हा पुढं आला. आजच्या अंटार्क्टिकाचं काय होणार याची चिंता करणाऱ्या प्रत्येकासाठी ही माहिती मोलाची आहे, आणि ती स्वच्छ भोकामुळंच मिळाली. त्यानंतर दोन आठवड्यांनी, 8 जानेवारी 2019ला, ब्रिटिश चमूनं रटफर्ड हिमप्रवाहावर गरम पाण्यानं 2152 मीटर उतरून तळ गाठला. एल्सवर्थच्या अनुभवातून शिकलेली माणसं त्यात होती.

आपला या कुळाशी संबंध लहान आहे, पण खरा आहे. 1981च्या डिसेंबरात भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम गोव्याहून निघाली. वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्रात उणे 20 अंशांत अंटार्क्टिकातल्या बर्फाचे गाभे ठेवले आहेत. आपण अजून सरोवराच्या वाटेला गेलेलो नाही, आपले गाभे उथळ आहेत. पण हिमाचलातल्या छोटा शिगरी हिमनदीवर बर्फ दरवर्षी किती वितळतो हे मोजायला बांबू रोवतात, तेव्हा त्यासाठी वाफेच्या ड्रिलनं भोकं पाडतात. ते याच कुळातलं यंत्र आहे. आपल्या नद्यांचा प्रश्न ज्यांच्याशी जोडलेला आहे अशा हिमनद्यांवर हे काम आज आहे त्याच्या कितीतरी पट व्हायला हवं, आणि त्यासाठी असली यंत्रं चालवणारे तंत्रज्ञ आपल्याकडं घडवायला हवेत. शास्त्रज्ञांची नावं छापून येतात, पण तोटी किती वेगानं सोडायची हे हाताला कळलेल्या माणसाशिवाय यातली एकही मोहीम तळाला पोचलेली नाही.

2022मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत अंटार्क्टिकाखालच्या 675 सरोवरांची नोंद आहे. त्यांपैकी गरम पाण्याच्या स्वच्छ भोकातून नमुने आलेली सरोवरं एका हाताच्या बोटांवर मोजता येतात.